फ्लॅगशिप फोनचे आकडे कसे वाचावेत

लाखाच्या घरातला फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा फोन घ्यायचा असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडा. जाहिरात नको, अनबॉक्सिंगचे व्हिडिओही नकोत. निपाणी, खानापूर, चंदगडची मंडळी फोनसाठी बेळगावात येतात आणि काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: "किती मेगापिक्सेल?" तो विचारणं आधी सोडा.

सोपं ते उरकून घेऊ. प्रोसेसर आणि स्क्रीन या किमतीत कुठल्याही फ्लॅगशिपची चांगलीच असते. स्टोरेज २५६ जीबीच्या खाली नको, बहुतेक फ्लॅगशिपमध्ये मेमरी कार्ड बसत नाही. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून गूगल व सॅमसंग ७ वर्षांची हमी देतात.

नेटवर्कच्या यादीत 'एन२८' शोधा. हा ७०० मेगाहर्ट्झचा बँड जिओ ५जीसाठी वापरतं. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते, भिंतीआडही पोचते, म्हणून खानापूरच्या रानाकडच्या गावांत राहणाऱ्यांनी हे बघावंच. परदेशातून कुणी सेट आणून देत असेल तर हे आधी तपासा. 'आयपी६८' म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचं मानांकन. ते कणकुंबीच्या पावसात उपयोगी आहे, पण त्याची चाचणी गोड्या पाण्यातली असते. गोव्याच्या समुद्रात फोन बुडवू नका, पाणी शिरल्याचा खर्च वॉरंटीत सहसा येत नाही.

आता कॅमेरा. इथेच लोक फसतात, आणि हे आकडे उलगडायला मलाही सगळ्यात जास्त वेळ लागला.

सेन्सर म्हणजे लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर एरवी १६ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. म्हणून मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि सेन्सरचा आकार बघा. तो १/१.३ इंच असा लिहितात. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा आणि तितका प्रकाश जास्त. लेन्स किती उघडते ते सांगणाऱ्या एफ आकड्याचंही तसंच, लहान तो चांगला.

हे प्रत्येक लेन्ससाठी वेगळं वाचायचं. २०२५ च्या गॅलॅक्सी एस२५ अल्ट्राचा मुख्य सेन्सर १/१.३ इंच, एफ/१.७ आहे. त्याच फोनची तिप्पट झूमची लेन्स १/३.५२ इंच, एफ/२.४. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री लांबून झूम करून फोटो काढणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. 'नाइट मोड आहे ना' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. नाइट मोड एकापाठोपाठ काढलेल्या अनेक फ्रेम जोडतो, त्यामुळे देऊळ सुरेख येतं आणि ताशावाल्याचे हात मात्र पुसट होतात. ओआयएस, म्हणजे लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा, फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही.

दुकानात झगमगाट असतो, तिथे सगळेच फोटो छान येतात. डेमो सेट काउंटरच्या खालच्या अंधाऱ्या बाजूला न्या, सोबतच्याला हात हलवायला सांगा आणि फोटो काढा. मग फोटोची माहिती उघडून शटरचा वेळ, म्हणजे कॅमेऱ्याने किती वेळ प्रकाश घेतला ते वाचा. १/१५ सेकंद दिसला तर हलती माणसं पुसट येणार. १/१०० च्या आसपास असेल तर बोटं वेगवेगळी दिसतात. याच अंधारात तिप्पट झूम लावून झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र तसंच राहिलं तर फोन झूमची लेन्स वापरतच नाही, मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून मोठं करून दाखवतो आहे.

डेमो सेट हातात द्यायला कुणी कुरकुर करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. बिल घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या आकड्याशी जुळवा.