बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव कसं शोधायचं

सिन्नरकडच्या आमच्या घरात एवढंच माहीत होतं की चुलत पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, आणि सगळे त्यांना शिपाईच समजायचे.

तर आधी घरातली पेटी उघडा. १९१४-१९१८ चं मेडल चांदीचं असेल तर शिपाई, ब्राँझचं असेल तर बहुतेक लेबर कोअरचा माणूस, म्हणजे हमाली, रस्ते, बोटी रिकाम्या करणं वगैरे. मेडलच्या कडेवर नाव आणि युनिट कोरलेलं असतं. आमच्या आजीने दर दिवाळीला चिंच लावून इतकं घासलं की राजाचं नाक गेलं, कडेची अक्षरं नशिबाने राहिली. तुम्ही प्लीज घासू नका.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर शोधा, फुकट आहे. आडनाव टाकत बसू नका, तेव्हा नुसतं नाव नाहीतर सोबत बापाचं नाव लिहायचे. युनिट टाका, आणि जिल्हा नाशिक असेल तर स्पेलिंग जुनं, मधला एच काढून (Nasik).

आता बसरा मेमोरियल, म्हणजे तिकडे मेलेल्यांचं स्मारक, इथे लोक फसतात. ते १९२९ मध्ये बसऱ्याजवळ माकिलच्या गोदीत, शत-अल-अरब नदीच्या काठावर उभं केलं होतं, पण १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने अख्खं उचलून ३२ किलोमीटर लांब नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. म्हणून जुन्या फोटोत मागे पाणी दिसतं आणि नव्यात नुसतं वाळवंट, दोन्ही फोटो खरेच आहेत. तिथल्या भिंतीचे फोटो झूम करून नाव शोधण्यात मी दोन रात्री घालवल्या, नंतर कळलं की ४० हजारांवर मृतांचं स्मारक असूनही अधिकारी नसलेल्या साध्या भारतीय माणसांची नावं भिंतीवर कोरलीच नव्हती, युनिटपुढे फक्त मृतांचा आकडा. नावं कमिशनच्या रजिस्टरात. राग येतोच.

गावातला दगडही बघा, 'या गावातून इतके गेले, इतके मेले' असं लिहिलेली संगमरवरी पाटी. चावडी पाडली की पाटी शाळेत जाते, शाळा नवी झाली की जिन्याखाली, त्यामुळे आत्ता जिथे आहे तीच मूळ जागा असं धरू नका, म्हाताऱ्यांना विचारा आणि ग्रामसभेचं जुनं प्रोसिडिंग, शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर (सामानाची नोंदवही) चाळा. अक्षरं पुसट असतील तर वरून रंग भरू नका, संध्याकाळी अंधार पडला की बाजूने टॉर्च तिरका मारा, सगळं वाचता येतं. आणि रजिस्टर मागायला सकाळीच जा, दुपारनंतर कपाटाची किल्ली कुणाकडेच नसते.