ती विशेषणं माझी नव्हती

गाजलेल्या कादंबरीवर लिहायला बसलं की पहिली अडचण कोणती येते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. मनात भरपूर असतं आणि कागदावर मात्र नुसतं कथानक उतरत जातं. त्यावर मी फार बोलणार नाही. कथानक चार-पाच वाक्यांत आवरा आणि पुढे चला, सरावाने जमतं. मला घोळात घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि तिच्याबद्दल मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' मी कॉलेजात असताना दोन रात्रींत वाचली. तिसऱ्या दिवशी वहीची बारा पानं लिहून काढली. देवयानी हट्टी, गर्विष्ठ, नवऱ्याचं मन न ओळखणारी. शर्मिष्ठा सोशिक, प्रेमळ. ययाति चुकला खरा, पण प्रेमाला भुकेला होता बिचारा. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, म्हणून हे सगळं अस्सल आहे याची मला खात्री होती.

ती पानं मी वाचनगटातल्या एका ताईंना दिली. त्यांनी कौतुक केलं नाही, नावंही ठेवली नाहीत. पेन्सिलीने काही विशेषणांखाली रेघा मारल्या आणि विचारलं, "ही तुझी की ययातीची?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. घरी येऊन कादंबरी पुन्हा उघडली तेव्हा कळला, आणि वाईट वाटलं. ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघं आपापल्या तोंडाने सांगतात. सुरुवात ययातीची. त्याच्या मनातली देवयानी मी आधी ऐकली आणि तीच खरी धरून बसले. पुढे देवयानी स्वतः बोलते, कचाने नाकारल्याची जखम उघडी करते. ते सगळं मी सबबी म्हणून वाचलं होतं. तिची बाजू ऐकण्याआधीच माझा निकाल लागला होता, आणि ज्या माणसाने तिला फसवलं त्याच्याच शब्दांत मी तो लिहिला होता.

हे जरा सविस्तर सांगते, कारण चूक करताना ती चूक वाटतच नाही. प्रथमपुरुषी कादंबरीत प्रत्येक वाक्यात 'मी' असतो आणि तो 'मी' आपण मनातल्या मनात स्वतःच्याच आवाजात उच्चारतो. शे-दोनशे पानं हे चाललं की त्याचा राग आपला होतो, त्याच्या आवडीनिवडी आपल्या होतात. कादंबरी रंगते ती यामुळेच. वाचताना त्यात बुडून जा, अंग चोरून वाचू नका. पण लिहायला बसाल तेव्हा त्या आवाजातून बाहेर या. नाही आलात तर तुमचा लेख म्हणजे निवेदकाने आपली बाजू दुसऱ्यांदा मांडल्यासारखं होतं.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण तिथे बोलतात. तरी आपल्यातले बहुतेक जण फक्त कर्णाच्या आवाजात तिच्यावर लिहितात. शिवाय कादंबरीतला प्रसंग 'महाभारतात असं आहे' म्हणून देतात. मीही दिला होता. कर्णासाठी जीव तुटणं खोटं नाही, ते जरूर लिहा. फक्त हा सावंतांचा कर्ण आहे, व्यासांचा नव्हे, हे विसरू नका.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त तर दुसरी बाजू मिळतच नाही. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी सांगतो तेवढीच त्याला आवडणारी शिरोडकर आपल्याला कळते. ती काय विचार करत असेल, हे तिला एकदाही सांगता येत नाही. नव्याने लिहिणाऱ्याने करून पाहावं असं एक काम सांगते. शिरोडकरचे प्रसंग काढा आणि प्रत्येक प्रसंगात दोनच गोष्टी टिपा. ती प्रत्यक्ष काय बोलली किंवा काय केलं, आणि मुकुंदाने त्याचा अर्थ काय लावला. माझ्या टिपणवहीत पहिला रकाना जेमतेम भरला, दुसरा पानभर वाहत गेला. तेव्हा मला ही कादंबरी पहिल्यांदा कळली असं वाटतं.

आता आडवाटांबद्दल. स्वतःचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याचं परीक्षण वाचू नका, मलपृष्ठसुद्धा नको. कादंबरीचा सारांश सांगणारे व्हिडिओ तर मुळीच नकोत. एका निवेदकाच्या शब्दांतून सुटायला मला इतका त्रास झाला, तिथे आणखी चौघांचे शब्द कानात भरून तुम्हाला स्वतःचं काय सापडणार? लोकप्रिय म्हणजे हलकं असं सांगणारा मार्गदर्शक भेटला तर त्याचा नाद सोडा. खांडेकर अतोनात वाचले गेले आणि ज्ञानपीठ मिळालेले पहिले मराठी लेखकही तेच, १९७४ साली. चांगला मार्गदर्शक मत देत नाही, तुमच्या वाक्यावर बोट ठेवून ते कुठून आलं एवढंच विचारतो. असं माणूस भेटलं तर सोडू नका.

आणि हे वाचून हात आखडू नका. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त निवेदक पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग वाचून तुम्हाला पुस्तक खाली ठेवावं लागलं असेल, तर तेच लिहा. पांडुरंगचं सगळं पटत नसलं तरी ते दुःख पोचतं. तिथे शंका घेत बसण्याची काही गरज नाही.

माझ्या त्या बारा पानांत रेघ न मारलेलं, समासात बरोबरची खूण केलेलं एक वाक्य होतं. मी ते घाईत, शेवटच्या पानावर लिहिलं होतं. पुरू वडिलांचं म्हातारपण स्वतःवर घेतो ते वाचून मी उठले आणि बाबा झोपले होते त्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी राहिले, एवढंच. बाकीची पानं मी नंतर फाडली. 'ययाति'वरचा माझा लेख आता त्या दारापासून सुरू होतो. देवयानीबद्दलचा परिच्छेद अजून तिसऱ्यांदा लिहिते आहे.