दिवस वर गेले म्हणून इंजेक्शन? आधी रेतनाची तारीख काढा

श्रावण सरत आला की म्हशी व्यायला लागतात आणि हा हंगाम पार कार्तिकापर्यंत चालतो. थंडीत माजावर येऊन भरलेल्या म्हशींचे दिवस याच सुमारास संपतात. त्यातच दसरा-दिवाळीच्या दुधाचा भाव डोळ्यांसमोर असतो. मग कास भरलेलं जनावर चार दिवस थांबलं तरी मालकाचा जीव वरखाली होतो आणि डॉक्टरांना फोन जातो, "एखादं इंजेक्शन टोचा आणि मोकळी करा." असं इंजेक्शन आहे आणि ते काम करतं. म्हणूनच ते जपून वापरायचं.

पहिलं काम तारखेचं. गाईला नऊ महिने नऊ दिवस, म्हशीला दहा महिने दहा दिवस, हा जुना हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे. संकरित होल्स्टीन, जर्सी गाई 280 दिवसांच्या आसपास व्यातात, गीर-साहिवालसारख्या देशी गाई थोड्या पुढे जातात, म्हशी 310 च्या मागेपुढे. पोटात गोऱ्हा असेल तर एखाद-दोन दिवस जास्त. खरा घोटाळा होतो तो नोंदीत. पहिल्या रेतनाला गाय राहिली नाही, 21 दिवसांनी पुन्हा भरवली, पण गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली तारीख पहिलीच राहिली. अशी गाय हिशेबाने दहा दिवस वर गेलेली दिसते आणि प्रत्यक्षात तिचे अकरा दिवस बाकी असतात. तिला इंजेक्शन दिलं तर कच्चं वासरू हाती येतं. ते लवकर उठत नाही, श्वासाला कमी पडतं, आणि आईचा चीकही पुरता तयार झालेला नसतो.

व्यायची वेळ खरं तर वासरू ठरवतं. दिवस भरत आले की त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे आईचं गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि कळा सुरू होतात. इंजेक्शनची औषधं दोन: डेक्सामेथासोन हे त्या कॉर्टिसॉलचं सोंग घेतं, तर प्रोस्टाग्लँडिन थेट अंडाशयावरच्या, प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या पिवळ्या ग्रंथीवर काम करतं. दिवस खरोखर भरलेले असतील तर नुसत्या डेक्सामेथासोनने दोन-तीन दिवसांत जनावर व्यातं. दोन्ही मिळून दिली तर बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतच. पोटातलं वासरू मेलेलं असेल तर डेक्सामेथासोनवर भरवसा ठेवता येत नाही. मात्रा इथे मुद्दाम देत नाही, ती तपासणीनंतर पशुवैद्यकानेच ठरवायची.

तपासणी न करता सुई टोचू देऊ नका, म्हशीला तर नकोच. म्हशीत अडण्याचं मोठं कारण म्हणजे गर्भाशयाला पडलेला पीळ. जनावर पोटाला लाथा मारतं, उठबस करतं, कळा आल्यासारख्या वाटतात, पण पाण्याची पिशवी काही दिसत नाही. अशा वेळी औषधाने जोर वाढवला तर गर्भाशय फाटू शकतं. तिथे आधी पीळ सोडवावा लागतो. ऑक्सिटोसिनचंही तेच. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसताना "पान्ह्याचं इंजेक्शन आहेच घरात" म्हणून टोचणं म्हणजे जनावर हातचं घालवणं.

मग हा उपचार करायचा कधी? गर्भाशयात पाणी साठून पोट अफाट फुगलं असेल, शेवटच्या दिवसांत मायांग (योनीचा भाग) वारंवार बाहेर येत असेल, आजाराने गाईचाच जीव धोक्यात असेल, किंवा पक्क्या तारखेवरून दिवस खरोखर बरेच वर जाऊन वासरू मोठं झाल्याची खात्री असेल, तेव्हा. भावासाठी किंवा बाजारात दाखवायला व्यालेली गाय हवी म्हणून नाही. न्यूझीलंडमध्ये मागे राहिलेल्या गाई गवताच्या हंगामात बसवायला हाच उपाय सर्रास व्हायचा. तिथल्या दूध उद्योगाने 1 जून 2015 पासून तो नेहमीचा वापर बंद केला.

इंजेक्शन झालं की जार, म्हणजे वार, अडकणार हे धरूनच चाला. वेळेआधी व्यायला लावलेल्या जनावरांत हे फार होतं. वार ओढू नका, तिला दगड किंवा जुनी चप्पल बांधू नका. लोंबणारा भाग जमिनीला लागत असेल तर तेवढा कापा. चोवीस तासांत पडली नाही, ताप आला किंवा घाण वास सुटला तर डॉक्टरांना बोलवा. डेक्सामेथासोनने प्रतिकारशक्ती तात्पुरती उतरते आणि पावसाळी ओल्या गोठ्यात गर्भाशयाला संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. म्हणून इंजेक्शनच्या दिवशीच एक कोपरा कोरडा करून घ्या. 72 तासांत व्याली नाही, किंवा पिशवी फुटून दोन तास झाले तरी वासरू पुढे सरकत नसेल तर थांबू नका. राज्यात 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं.

वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा. तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटर, आणि त्यातला निम्मा या पहिल्या पाजण्यात. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

प्रोस्टाग्लँडिन त्वचेतूनही शरीरात जातं. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने ती कुपी हातात धरू नये, रिकामी सिरिंजही उचलू नये. दूध डेअरीला कधीपासून घालायचं ते डॉक्टरांना विचारा, औषधागणिक दिवस बदलतात. आणि व्याल्यावर महिन्याभराने गर्भाशय तपासून घेतल्याशिवाय पुढचं रेतन करू नका.