मालक बदलताना स्पेस सांभाळा

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हाती उबंटू या लिनक्सचा एक टेस्ट सर्व्हर आला. वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो काही चढेना, ‘परमिशन डिनाइड’. नेटवर वाचलेलं सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड, मी ठोकणारच होते, तेवढ्यात शेजारचा सीनियर म्हणाला, “अगं, आधी एलएस मायनस एल करून मालक कोण ते तर बघ!”

मालक निघाला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर. झिप मीच सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, उघडली होती ना! वेबसाइट दाखवणारा अपाचे सर्व्हर मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतो. म्हणजे सगळ्या गावाला दार उघडायची गरजच नव्हती, अपलोड्स फोल्डरचा फेरफार केला की झालं. त्यासाठी सीएचओन ही मालक बदलायची कमांड. पुढे युजर, कोलन, ग्रुप, मग पाथ. आतलं सगळं बदलायचं तर मायनस मोठा आर. फाइल तुमची स्वतःची असली तरी लिनक्समध्ये ती दुसऱ्याच्या नावावर करायला सुडो लागतोच.

आणि डिस्कवर मालकाचं नाव नसतं बरं का, आकडा असतो. उबंटूत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणजे ३३. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि मालक भलताच दिसला, तर दचकू नका. एलएस मायनस एन करून आकडे बघा.

आता माझा पराक्रम. मला /यूएसआर/लोकल मधलं एक फोल्डर स्वतःच्या नावावर करायचं होतं. घाईत यूएसआर नंतर एक स्पेस पडली, आणि एका पाथचे दोन झाले. कमांड जरा रेंगाळली, मग ‘/लोकल’ने सुरू होणारा पाथ सापडत नाही म्हणून एकच ओळ आली. मी वरचा बाण दाबला, स्पेस काढली, एंटर. उत्तर आलं: सुडोचा मालक युआयडी ० (म्हणजे रूट) हवा आणि सेटयूआयडी बिट (चालवणाऱ्याला फाइलच्या मालकाचे अधिकार देणारी खूण) हवा. तोवर अख्खं /यूएसआर माझ्या नावावर झालं होतं, त्यात सुडोसुद्धा. युजर बदलायची एसयू कमांडही गेली, कारण मालक बदलला की सेटयूआयडी बिट उडतो.

रिकव्हरी मोडमध्ये थेट रूट मिळतो, तिथे जाऊन सुडो परत रूटच्या नावावर केलं, मग सीएचमॉड ४७५५ देऊन बिट परत लावला. क्रम उलटा केलात तर बिट पुन्हा उडेल. पण ठरलेल्या वेळची कामं लावणाऱ्या क्रॉनटॅबसारख्यांचे ग्रुप वेगळे असतात, ते कुठे कुठे शोधणार? सर्व्हर नव्याने उभा केला. टेस्टचा होता म्हणून निभावलं.

सीएचओनला अनडू नाही. हल्ली मायनस आर मारायच्या आधी मी तोच पाथ एलएस मायनस एलडीला देते. एका ओळीऐवजी दोन आल्या, की स्पेस सापडते.