आपण संपवलेला ‘आउटर वाइल्ड्स’ दुसऱ्याला पहिल्यांदा कसा खेळू द्यावा

‘आउटर वाइल्ड्स’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला नवे शस्त्र मिळत नाही, त्याची ताकद वाढत नाही आणि बंद दारांच्या किल्ल्याही गोळा कराव्या लागत नाहीत. ज्या लाकडी, डुगडुगत्या यानातून तो पहिल्यांदा उडतो, त्याच यानातून तो शेवटचेही उड्डाण करतो. मधल्या काळात बदलते ते फक्त त्याचे ज्ञान. शेवटाकडे नेणारी वाट सुरुवातीपासून मोकळीच असते, पण अशी वाट आहे हेच त्याला ठाऊक नसते. एकदा ठाऊक झाले की झाले; ते विसरता येत नाही, आणि म्हणून हा गेम पुन्हा खेळायला बसणाऱ्याला ओळखीच्या घरातून फिरल्यासारखे वाटते.

अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅलेक्स बीचम यांनी पदव्युत्तर प्रबंधाचा प्रकल्प म्हणून या गेमची सुरुवात केली. अपूर्ण अवस्थेतच त्याला २०१५ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, मोबियस डिजिटल या स्टुडिओने तो २०१९ मध्ये पूर्ण करून प्रसिद्ध केला आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही लाभला. त्यातील मजकुराचे लेखन प्रामुख्याने अ‍ॅलेक्स यांची बहीण केल्सी बीचम यांचे आहे. गेमच्या अधिकृत परिचयातच ‘काळाच्या फेऱ्यात अडकलेली सूर्यमाला’ असे वर्णन असल्यामुळे तेवढे येथे सांगण्यास हरकत नाही: हा फेरा २२ मिनिटांचा आहे आणि तो संपला की खेळाडू पुन्हा आपल्या गावातील शेकोटीपाशी जागा होतो. यापलीकडचे कोणतेही रहस्य या लेखात उघड केलेले नाही, त्यामुळे ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनीही पुढे वाचावे.

पहिल्यांदा खेळण्याचा अनुभव परत मिळवण्याचे काही उपाय लोक सांगतात. पाच-सात वर्षे थांबावे, म्हणजे बराचसा भाग विसरला जातो, हा एक उपाय. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’ यांसारख्या जुन्या गेमसाठी चाहत्यांनी वस्तूंच्या जागा उलटसुलट करून टाकणारे रँडमायझर तयार केले आहेत, तो दुसरा. दोन्ही उपायांत मजा आहे. पण ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये वाट उघडते ती वस्तूंनी नव्हे तर ज्ञानाने, त्यामुळे वस्तू उलटसुलट करून फारसे काही साधत नाही, आणि पाच वर्षांनी ग्रहांची नावे विसरली तरी मुख्य कोड्याचे उत्तर नेमके आठवते, असा माझा तरी अनुभव आहे. उरतो तो एकच मार्ग, तो म्हणजे न खेळलेल्या माणसाच्या शेजारी बसणे. दिसायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात शेजारी बसणाराच बहुतेक वेळा खेळाची माती करतो. माझ्याकडून एका मित्राचा खेळ असाच वाया गेला, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील निम्मे त्या फजितीतून शिकलेले आहे.

माणूस निवडताना त्याला गेम खेळण्याची सवय किती आहे हे पाहण्यापेक्षा त्याचा स्वभाव पाहावा. संग्रहालयात गेल्यावर प्रत्येक पाटी वाचणारा, शब्दकोडे अर्धवट राहिले तर रात्री उठून पुन्हा हातात घेणारा, कोणी काही सांगितले की ‘कशावरून?’ असे विचारणारा माणूस यासाठी उत्तम. ‘पुढे काय होते ते सांगून टाक’ असे म्हणणाऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. गेमची सवय नसलेल्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते: कंट्रोलरवर, म्हणजे गेम चालवण्याच्या हातातल्या यंत्रावर, एका अंगठ्याने चालणे आणि दुसऱ्या अंगठ्याने पाहणे हे त्याला एकाच वेळी जमत नाही. त्यासाठी घाई न करता पहिली बैठक गावातच घालवू द्यावी. उडण्याच्या सरावासाठी तेथे छोटे खेळण्यातले यान आहे आणि वजनरहित अवस्थेत तरंगण्याच्या सरावासाठी एक गुहाही आहे. पहिल्या बैठकीत यान जमिनीवरून उडालेच नाही तरी काही बिघडत नाही.

सुरू करण्यापूर्वी चार वाक्ये सांगावीत आणि थांबावे. यात लढाई नाही. मेलो तरी काही नुकसान नाही. एका ठिकाणी अडले तर दुसऱ्या ग्रहावर जावे. जे विचित्र दिसेल त्याच्या मागे जावे. ‘हा माझा सर्वांत आवडता गेम आहे’ हे पाचवे वाक्य मोठ्या मोहाने ओठांवर येते, पण ते गिळावे. ते ऐकल्यावर समोरचा माणूस खेळण्याऐवजी आपल्याला काय आवडले असेल ते शोधू लागतो. ट्रेलर दाखवू नये. घरातील टीव्हीवर सगळ्यांचे मिळून एकच यूट्यूब खाते असेल, तर त्यावर गेमचे नावही शोधू नये, कारण एकदा शोधले की पुढचे पंधरा दिवस सुचवलेल्या व्हिडिओंच्या चित्रांतूनच अर्धी रहस्ये फुटत राहतात.

तांत्रिक तयारीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली आवाजाची. अँड्र्यू प्राहलो यांचे संगीत केवळ शोभेसाठी नाही, काही गोष्टी डोळ्यांआधी कानांना कळतात. म्हणून आवाज बंद करून किंवा शेजारी दुसरे काही लावून खेळू देऊ नये. दुसरी वाचनाची. सेटिंग्जमध्ये मजकूर वाचत असताना काळ थांबवण्याची सोय आहे आणि सावकाश वाचणाऱ्यासाठी ती आधीच सुरू करून ठेवावी, नाही तर २२ मिनिटांपैकी बरीचशी भिंतींवरची अक्षरे वाचण्यातच संपतात.

वाचनाचा हा मुद्दा मराठी घरांत अधिक बिकट होतो. गेम मराठीत नाही, मजकूर भरपूर आहे, आणि तो पुष्कळदा फार पूर्वी होऊन गेलेल्या लोकांच्या आपसांतील संभाषणाच्या रूपात आहे. आपली आई, मावशी किंवा शाळकरी भाचा खेळत असेल, तर आपल्याला मजकूर मोठ्याने मराठीत सांगत बसावे लागते, आणि येथेच घात होतो. ज्याला उत्तर माहीत आहे तो भाषांतर करताना महत्त्वाच्या शब्दावर नकळत जोर देतो, बिनमहत्त्वाचे वाक्य भरभर उरकतो आणि मोघम वाक्याचा अर्थ स्पष्ट करून टाकतो. यावर मला सापडलेला उपाय असा की आकाशवाणीवरील बातम्या वाचाव्यात तशा एकसुरी आवाजात सगळा मजकूर वाचावा, थट्टेचे वाक्यही त्याच सुरात वाचावे, आणि मूळ वाक्य दोन अर्थांचे असेल तर मराठी वाक्यही दोन अर्थांचेच ठेवावे. कंटाळवाणे वाटते, पण चालते. ग्रहांची आणि पात्रांची नावे मात्र भाषांतरित करू नयेत. ‘ब्रिटल हॉलो’ या ग्रहाला मराठी नाव शोधत बसलो, तर पुढे यानाच्या नोंदवहीत ते नाव पाहून खेळणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आता प्रत्यक्ष शेजारी बसण्याविषयी. खेळणाऱ्याच्या अगदी शेजारी न बसता किंचित मागे बसावे, म्हणजे आपला चेहरा त्याला दिसणार नाही. बोलायचे नाही हे सगळ्यांना कळते. पण न बोलता आपण किती सांगत असतो याची कल्पना नसते. खेळणारा चुकीच्या दिशेने गेला की आपण फोन हातात घेतो आणि योग्य जागेजवळ आला की तो खाली ठेवतो. दोन संध्याकाळींत समोरच्याला हे उमगते, आणि मग तो ग्रह न पाहता आपला फोन पाहून शोध घेऊ लागतो. माझ्या मित्राचा खेळ असाच बिघडला. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हातात एक साधी वही घ्यावी. जे जे बोलावेसे वाटेल ते तारीख घालून वहीत लिहावे. गेमच्या पहिल्याच क्षणी, डोळे उघडताच आकाशात काहीतरी घडते आणि बहुतेकांचे त्याकडे लक्ष जात नाही, ‘पाहिलेस का?’ हा प्रश्नही वहीतच जायला हवा.

स्वयंचलित उड्डाणाची सोय यान सरळ रेषेत नेते, मग वाटेत सूर्य का असेना. ही गोष्ट आधी सांगू नये. प्रत्येक खेळाडूला ती स्वतः एकदा शिकण्याचा हक्क आहे, आणि प्रेक्षकालाही त्या क्षणी हसण्याचा.

मदत कधी करावी, हा खरा नाजूक प्रश्न. अडचण हाताची आहे की डोक्याची, हे आधी ओळखावे. काय करायचे ते ठरले आहे पण अरुंद कड्यावर यान उतरवणे जमत नाही, इंधन संपते, तोल जातो, अशा वेळी मोकळेपणाने मदत करावी आणि विचारून कंट्रोलर हातात घेतला तरी चालेल. डोक्याची अडचण असेल तर मात्र लागोपाठ दोन बैठकांत यानाच्या नोंदवहीत एकही नवी नोंद झाली नाही, अशी वेळ येईपर्यंत गप्प राहावे. त्यानंतरही पहिली मदत एवढीच: ‘नोंदवही पाहिलीस का?’ सापडलेले धागे एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे त्या नोंदवहीत दिसते आणि कोणत्या ठिकाणी पाहण्याचे अजून काही राहिले आहे याची खूणही तेथे असते. तेवढ्याने भागले नाही तर ‘आतापर्यंत काय काय कळले ते मला पहिल्यापासून सांग’ असे म्हणावे. सांगता सांगता दहापैकी आठ वेळा माणूस मध्येच थांबतो आणि ‘अगं, म्हणजे…’ म्हणत कंट्रोलर उचलतो. त्यापुढची पायरी म्हणजे ज्या ग्रहावर तो फार दिवस गेलेला नाही त्याचे नाव घेणे. यापलीकडे जाऊ नये.

चुकीचे तर्क दुरुस्त करू नयेत, ही सूचना सर्वांत कठीण आहे. माझी मामेबहीण गेम खेळत होती तेव्हा पहिले चार दिवस तिची खात्री होती की गावातील वेधशाळेत भेटणारा, उड्डाणाचा सांकेतिक क्रमांक देणारा हॉर्नफेल्स हाच सगळ्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक नवा पुरावा ती त्याच्याकडे वळवत होती, आणि तिची मांडणी इतकी पक्की होती की पाचव्या दिवशी मीही जरा विचारात पडलो. असा तर्क हाच पहिल्यांदा खेळण्याचा गाभा आहे. आपल्याला परत हवे असते ते बरोबर उत्तर मुळीच नसते, हे चुकीचे तर्क करता येणे हवे असते.

बैठक दीड-दोन तासांची ठेवावी आणि दोन बैठकांमध्ये आठवड्याहून अधिक खंड पडू देऊ नये, कारण तपशील विसरला तर ज्ञान हेच भांडवल असलेल्या या खेळात माणूस कंगाल होतो. साधारण १५ ते २० तासांत मूळ कथा पूर्ण होते. मध्ये एक जागा फार भीतिदायक आहे. तेथे खेळणाऱ्याने कंट्रोलर खाली ठेवला तर धीर देण्याच्या नादात ‘तिथे फक्त एवढेच करायचे आहे’ असे बोलून जाऊ नये. २०२१ मध्ये आलेला ‘एकोज ऑफ द आय’ हा याच गेमचा जोडभाग मूळ गेम संपेपर्यंत विकत घेऊ नये. त्यातही भीतीचे प्रसंग आहेत, पण ते सौम्य करण्याची सोय सेटिंग्जमध्ये दिलेली आहे.

हीच पद्धत इतर गेमना जशीच्या तशी लागू पडत नाही. लुकास पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या गेममध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरील ६० जणांचे काय झाले ते शोधायचे असते. त्यात हिंदुस्थानातून आलेले खलाशीही आहेत, त्यामुळे नावे, पोशाख आणि बोलणे यांवरून आपल्याकडचा नवखा काही ओळखी लवकर पटवतो, असे माझे निरीक्षण आहे. तेथे तीन उत्तरे बरोबर आली की गेम ती एकदम मान्य करतो, म्हणून शेजाऱ्याने तिसरे नाव लिहिले जात असताना तर श्वासही जपून घ्यावा. ‘पोर्टल’ (२००७) तीन-चार तासांत संपतो आणि त्याची गंमत रहस्यापेक्षा विनोदात अधिक आहे. तेथे एवढे व्रत पाळण्याची गरज नाही, विनोदाच्या आधी हसू नये एवढे पुरे.

शेवटच्या उड्डाणाच्या वेळी खोलीत दुसरे कोणी नसेल असे पाहावे आणि श्रेयनामावली पूर्ण संपेपर्यंत दिवा लावू नये, कारण तिच्यानंतरही थोडे पाहण्यासारखे आहे. लगेच ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. थोड्या वेळाने प्रश्नांचा पाऊस पडू लागतो, आणि तेव्हा काही न बोलता ती वही त्याच्या हातात द्यावी. मामेबहिणीने ती पहिल्या पानापासून वाचली. चौथ्या दिवसाच्या पानावर मी फक्त ‘हॉर्नफेल्स!!’ असे लिहून दोन रेघा ओढल्या होत्या. तिने ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हसू नकोस, दादा. माझा त्याच्यावरचा संशय अजून पूर्ण गेलेला नाही.”