घरगुती हिंसाचाराविरुद्ध अर्ज करताना

२००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करण्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही. या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. घटना अहवाल ते तयार करतात. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, घरखर्च बंद करणे, स्त्रीधन अडकवणे हेही त्यात तारीखवार लिहा. ‘नेहमी त्रास देतात’ एवढंच लिहिलं तर बाजू लंगडी पडते.

मुख्य अर्ज, म्हणजे कलम १२ चा अर्ज, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. सध्या माहेरी असाल तर तिथल्या न्यायालयातही चालतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश न मागणं. ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो, पण प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात. म्हणून कलम २३ चा अर्ज त्याच दिवशी जोडा: संरक्षण, निवास, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, प्रत्येक मागणी वेगळी लिहा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी निवासाचा हक्क मागता येतो. पोटगीसाठी मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागतंच. शाळेची फी, औषधं, भाडं यांच्या पावत्या सोबत लावा.

उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो.

संरक्षण आदेश मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आदेशाची प्रत कायम जवळ ठेवा आणि तो मोडला की लगेच ११२ ला फोन करा.