कॉलेज बघायला जाताय ना, मग गेटच्या बाहेरचं पण बघा

ॲडमिशनच्या वेळी सगळे काय बघतात, कटऑफ, फी, प्लेसमेंट, आणि फारतर बिल्डिंगचे फोटो. आजूबाजूचा एरिया कसा आहे हे कोणी विचारतच नाही, विचारलं तरी "चांगला आहे" एवढं उत्तर मिळतं आणि आपण पण समाधानाने मान हलवतो. पण लेक्चर दिवसाचे पाच-सहा तास, उरलेले अठरा तास तुम्ही त्या एरियातच असणार ना.

मी स्वतः या बाबतीत माती खाल्ली आहे म्हणून सांगतोय. कॉलेज बघायला गेलो ते सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला. रस्ता मोकळा, झाडं, शांतता, एकदम खूश होऊन परत आलो. मग कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की लायब्ररी नऊला बंद होते आणि माझ्या रूमकडे जाणारी शेवटची बस आठ चाळीसला सुटते. वर्षभर रोज साडेआठला दप्तर आवरून पळायचो. कोणाची चूक म्हणावी तर माझीच, दोन्ही टायमिंग बोर्डवर लिहिलेली होती, मी फक्त ती एकत्र वाचली नव्हती.

तर पहिलं काम घरबसल्या होतं. मॅप उघडा आणि तीन पिन टाका: तुमचा विभाग ज्या बिल्डिंगमध्ये आहे ती (मेन गेट नाही हां, मोठ्या कॅम्पसमध्ये गेटपासून वर्गापर्यंतच पंधरा मिनिटं जातात), तुम्हाला खरंच परवडेल अशी रूम जिथे मिळते तो भाग, आणि प्रॅक्टिकल किंवा इंटर्नशिपसाठी जिथे जावं लागेल ती जागा. आता गूगल मॅप्समध्ये निघायची वेळ मंगळवार सकाळी साडेआठ अशी सेट करून किती वेळ लागतो ते बघा, आत्ताचा रात्री अकराचा ट्रॅफिक बघून खूश होऊ नका. चालत असाल तर एक किलोमीटरला साधारण बारा मिनिटं धरा. आणि हे मिनिटांचं प्रकरण किरकोळ वाटतं पण गुणाकार करून बघा, एका बाजूला 50 मिनिटं म्हणजे रोजची 100, वर्षात 180 दिवस गेलात तर 300 तास झाले, आणि ते सुद्धा उभ्याने!

म्हणून लांबची स्वस्त रूम स्वस्तच असते असं नाही. भाड्यात प्रवासाचा पास मिळवा, उशीर झाल्यावर करावी लागणारी रिक्षा मिळवा, आणि मग जवळच्या महाग रूमशी तुलना करा. कधीकधी फरक अगदीच थोडा निघतो.

स्ट्रीट व्ह्यू बघत असाल तर फोटो कधीचा आहे ते तिथेच लिहिलेलं असतं, ते आधी बघा. पाच वर्षांपूर्वीचं मोकळं मैदान आज बांधकाम साईट असू शकतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर चालू सेमिस्टरमधला साधा वर्किंग डे पकडा आणि संध्याकाळपर्यंत थांबा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. अंधार पडल्यावर लायब्ररीपासून बस स्टॉपपर्यंत आणि तिथून रूमच्या भागापर्यंत स्वतः चालत जा. नुसते दिव्याचे खांब मोजू नका, त्यातले किती लागतात ते बघा. दुकानं उघडी आहेत, माणसं येतायत जातायत, असा गजबजलेला रस्ता थोडा लांबचा असला तरी बरा, आणि एका बाजूला लांबच लांब कंपाऊंडची भिंत अन् दुसऱ्या बाजूला काहीच नाही असा शॉर्टकट दिवसा कितीही छान वाटला तरी रात्री नको. मुलींनी तर तिथल्या मुलींनाच विचारावं, मुलगे "काही प्रॉब्लेम नाही" म्हणतात कारण त्यांना खरंच प्रॉब्लेम आलेला नसतो.

जाता जाता मेडिकल किती वाजेपर्यंत उघडं असतं, जवळचं हॉस्पिटल कुठे, रूममध्ये फोनला रेंज येते का, एवढं बघून घ्या.

आवाजाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही आणि त्रास तोच जास्त देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्गासाठी 35 डेसिबल आणि रात्री झोपायच्या खोलीसाठी 30 डेसिबल असे आकडे आहेत, आणि आपलं नेहमीचं बोलणंच 60 च्या आसपास जातं. फोनमधलं ॲप तंतोतंत मोजत नाही पण दोन रूममधला फरक नक्की दाखवतं. हायवे किंवा रेल्वे रूळ खिडकीसमोर असेल तर खिडकी उघडून दहा मिनिटं गप्प बसून बघा.

बरं, "एरिया कसा आहे" हा प्रश्न मुळात फुकट आहे. त्याऐवजी सेकंड किंवा थर्ड इयरच्या कोणाला तरी विचारा, "पहिल्या वर्षी कुठे राहायचास आणि ती रूम का सोडलीस?" मग बघा कसं धडाधड बाहेर पडतं, पाणी, घरमालक, डास, सगळं. हॉस्टेल मिळतंय म्हणून हे सगळं सोडून देऊ नका, हॉस्टेल किती वर्षं मिळेल ते लेखी बघा, बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाला आधी देतात आणि दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याच एरियात रूम शोधत फिरताय.

कोर्सप्रमाणे पण गणित बदलतं. लॉ करणाऱ्याला कोर्ट जवळ हवं, नर्सिंगवाल्याला हॉस्पिटल, मीडियावाल्याला मोठं शहर, पण शुद्ध गणित शिकणाऱ्याला शांत गाव आणि उशिरापर्यंत उघडी लायब्ररी असली की झालं. जर्मनीतल्या हायडेलबर्गसारखं युनिव्हर्सिटीभोवती फिरणारं छोटं शहर आणि भर लंडनात असलेलं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे माणसं शिकतातच की, फक्त तुम्ही कोणत्या प्रकारचे आहात ते स्वतःला खरं सांगा.

जाणं शक्यच नसेल तर तिथल्या ओळखीच्या कोणाला रात्री आठला व्हिडिओ कॉल करा आणि म्हणा, फोन हातात धरून गेटपासून स्टॉपपर्यंत चालत जा. रेकॉर्ड करून पाठवलेला व्हिडिओ नको, सरळ कॉलच.